रांगेत तापणारी गाडी: रेडिएटर फॅनचा दोष शोधायचा कसा, काढायचा कसा

गोव्यात मांडवीच्या पुलावरून जाताना तापमानाचा काटा जागचा हलत नाही. तीच गाडी रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीसाठी इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं रांगेत उभी राहिली, की काटा लाल रेषेकडे सरकायला लागतो आणि एसीतून कोमट वारा येतो. पलीकडे उतरून गाडी धावायला लागली की पुन्हा सगळं ठीक. अशी तक्रार ऐकली की जाणता मिस्त्री बोनेट उघडायच्या आधीच फॅनवर बोट ठेवतो. गाडी ताशी पन्नासच्या वर पळत असेल तर समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. फॅनची खरी गरज असते ती गाडी उभी असताना किंवा पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये रांगत असताना.

उलट गाडी शहरात बरी चालते आणि हायवेवर सलग वेगात असताना तापते, असं असेल तर फॅनच्या मागे लागू नका. तिथे रेडिएटर आतून गाळाने बुजलेला असतो, थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट तापमानाप्रमाणे उघडणारी झडप) अर्धाच उघडत असतो किंवा वॉटर पंप दमलेला असतो. घाट मात्र फसवा. चोर्ला चढताना वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त, त्यामुळे तिथे दोन्हीपैकी काहीही असू शकतं.

अनेक छोट्या गाड्यांत हल्ली काटा नसतोच. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापलं की लाल, एवढंच. लाल दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो, म्हणून अशा गाडीत उभ्या जागी एसीचा गारवा जाणं हीच पहिली सूचना समजावी. एसीचा कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि त्यालाही याच फॅनचा वारा लागतो.

फॅन कुणाच्या हुकमावर फिरतो

इंजिनातलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी मिसळलेलं द्रव) साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोचलं की थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे वाहू लागतं. तरीही तापमान वाढत राहिलं तर बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान फॅन सुरू होतो आणि चार-सहा अंश उतरले की बंद होतो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. पाणी शंभराला उकळतं, मग हे कूलंट का उकळत नाही? तर रेडिएटरच्या टोपणामुळे. ते साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली कूलंट १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर चिरलं की दाब टिकत नाही आणि फॅन ठणठणीत असूनही गाडी उकळते. म्हणून टोपण काढाल तेव्हा त्याचं रबर बघून घ्या.

हुकमाची वाट अशी: कूलंटमधला सेन्सर तापमान सांगतो, इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू ते वाचतो आणि रिलेला, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचला, इशारा देतो. रिले आपला जाड कॉन्टॅक्ट जोडतो, मग बॅटरीचा करंट फ्यूजमधून, रिलेमधून मोटरला जातो आणि अर्थिंगमधून, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीतून, परत येतो. यात दोन वेगळी सर्किट आहेत. इशाऱ्याचं सर्किट नाजूक, रिलेच्या कॉइलमधून जेमतेम पाव अँपिअरच्या आत करंट जातो. मोटरचं सर्किट दांडगं. छोट्या गाडीची दीड-दोनशे वॉटची मोटरसुद्धा १२ ते १७ अँपिअर ओढते, मोठ्या गाडीत हा आकडा २५ च्या पुढे जातो, आणि सुरू होतानाच्या क्षणी याच्या दुप्पट-तिप्पट.

ही दोन सर्किट फक्त एका ठिकाणी भेटतात, ती म्हणजे रिले. म्हणून तपासणी मोटरपासून किंवा सेन्सरपासून सुरू न करता रिलेच्या सॉकेटपासून करावी. तिथे एक तार लावून बघितली की दोष इशाऱ्याच्या बाजूला आहे की मोटरच्या, ते एका मिनिटात कळतं. 'फॅन फिरत नाही ना, मोटर बदला' असं कुणी लगेच सांगत असेल तर ही चाचणी केली का, ते आधी विचारावं. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत मोटरीआधी कनेक्टर आणि अर्थिंग मरतात, आणि जळक्या कनेक्टरवर बसवलेली नवी मोटर फार दिवस साथ देत नाही.

हात घालण्याआधी

इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही तो मिनिट-दोन मिनिटं चालतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. गळ्यातली साखळी, सैल बाही, ओढणी लांब ठेवा. गरम इंजिनावर रेडिएटरचं टोपण उघडू नका. इंजिन बंद करून निदान पाऊण तास जाऊ द्या. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे जाड रबरी नळी, हाताने दाबून बघा. कडक लागला तर आत अजून दाब आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मीटर, दोन टोकांना पिना लावलेली आणि मध्ये २० किंवा ३० अँपिअरचा फ्यूज असलेली ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, १० नंबरचा पाना, आणि जुन्या हेडलाइटचा एक ५५ वॉटचा बल्ब, ज्याला दोन वायरी जोडून घेतल्या आहेत. बल्ब कशाला, ते पुढे येईल.

पहिली नजर कूलंटवर. पातळी खूप खाली असेल तर सेन्सर कूलंटच्या बाहेर, वाफेत किंवा हवेत राहतो. वाफ त्याला नीट तापवत नाही, ईसीयूला वाटतं सगळं थंड आहे, आणि इंजिन भाजत असताना फॅन स्वस्थ बसतो. अशा वेळी फॅनमध्ये दोष काहीच नसतो, गळती शोधावी लागते. रेडिएटर आणि बाजूची कूलंटची टाकी, दोन्हीकडे बघा. टाकीत पातळी बरोबर दिसते आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं.

एसी लावा आणि ऐका

इंजिन सुरू करा, एसी पूर्ण गारव्यावर लावा आणि बोनेटजवळ उभे राहा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की काही सेकंदांत फॅनला हुकूम जातो, मग कूलंट थंड का असेना. काही गाड्यांत गॅसचा दाब वाढेपर्यंत अर्धा-एक मिनिट लागतं. एसीत गॅसच नसेल तर ही चाचणी बाद, कारण मग कॉम्प्रेसरही चालत नाही.

एसी लावल्यावर फॅन व्यवस्थित फिरला, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही? मग एक फॅनच्या गाडीत मोटर, मोठा फ्यूज आणि अर्थिंग सगळं ठीक आहे. संशय सेन्सर, त्याची वायर, कूलंटमध्ये हवा अडकणं यावर. एसीवरही फिरत नाही तर रिलेच्या सॉकेटकडे चला. दोन फॅन असलेल्या गाडीत आधी कोणता फॅन कुठल्या कामाला आहे ते बघा. बऱ्याच गाड्यांत एक रेडिएटरचा आणि एक कंडेन्सरचा असतो. काही गाड्यांत तर कमी वेगावर दोन्ही मोटरी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, तिथे एक मोटर मेली की कमी वेगावर दोन्ही बंद.

फॅन फिरतोय, पण वारा पुरेसा ओढतो का? कागदाचा एक ताव ग्रिलसमोर, कंडेन्सरला टेकवून सोडा. फॅन पूर्ण वेगाने फिरत असेल तर कागद जागच्या जागी चिकटून राहतो. गळून पडला तर तीन शक्यता: मोटर मंद फिरतेय, उलटी फिरतेय, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत लाल माती, पालापाचोळा आणि किडे यांचा गालिचा बसलाय. डिचोली, सांग्याकडे खनिजाची धूळ खाल्लेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. पाण्याचा पाइप साध्या दाबाने मागून पुढे मारायचा. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर गन जवळून मारला तर पातळ फिन (जाळीतल्या पत्र्याच्या पट्ट्या) आडव्या होतात आणि होता तोही वारा बंद.

रिलेच्या सॉकेटवर

बोनेटमधल्या फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. फॅनचा फ्यूज बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा. काढून उजेडात धरा, पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, मीटरने कंटिन्युटी, म्हणजे आतली तार अखंड आहे का, ते बघा. फ्यूजचे पाय आणि सॉकेट तपकिरी झालंय का, प्लास्टिक वितळलंय का तेही बघा. फ्यूज उडाला असेल तर तो आपण होऊन उडालेला नाही. मोटर जाम झाली असेल किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली असेल. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये ऊब शोधत येतात आणि वायरीचं प्लास्टिक कुरतडतात, तेही आठवावं. ३० च्या जागी ५० चा फ्यूज घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंग जाळायची तयारी करणं.

आता रिले. शेजारी हॉर्नचा रिले बहुधा तसाच असतो. दोन्हींवरचा नंबर एकच असेल तर अदलाबदल करा. फॅनच्या रिलेने हॉर्न वाजला तर त्याची कॉइल तरी ठीक आहे. एवढ्यावर तो चांगला ठरत नाही, कारण हॉर्न थोडा करंट घेतो आणि फॅन भरपूर. 'टक' आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा समजही तसाच अर्धवट; आतला कॉन्टॅक्ट काळा पडलेला असला तरी टक आवाज येतोच. हॉर्नच्या रिलेवर फॅन फिरला, की उत्तर मिळालं.

नाहीच फिरला तर रिले बाहेर काढून ठेवा. त्याच्या पायांजवळ नंबर कोरलेले असतात. ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० आणि ८७ जाड करंटचे. काही छोट्या रिलेंवर १, २, ३, ५ असे नंबर असतात, त्यात १ आणि २ कॉइलचे. खात्रीसाठी मीटर लावा. ज्या दोन पायांत साधारण ६० ते १२० ओहम दाखवतो ती कॉइल. आता फ्यूजवाली वायर घेऊन सॉकेटमधलं ३० आणि ८७ जोडा. कॉइलच्या भोकांत ही वायर चुकूनही जाऊ देऊ नका, तिथे पलीकडे ईसीयू बसलाय.

वायर जोडताच फॅन जोरात फिरला? मग मोटर, फ्यूज, अर्थिंग सगळं सुटलं. दोष रिलेत किंवा इशाऱ्यात. मीटरचे दोन पिन सॉकेटच्या ८५-८६ मध्ये धरा, इंजिन चालू करून एसी लावा. १२ व्होल्टच्या आसपास आले तर हुकूम येतोय, रिले बदला. काहीच आलं नाही तर पुढे सेन्सरकडे.

फॅन फिरला नाही? मग दोष जाड बाजूला, आणि इथेच गोव्यातल्या बहुतेक गाड्यांची गोम असते.

हिरवी पूड आणि खोटे १२ व्होल्ट

फॅनच्या मोटरचा कनेक्टर गाडीच्या नाकाशी असतो. रस्त्यावरचं पाणी, समुद्राची खारी हवा, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, सगळं त्याच्या तोंडावर. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पिन ओलसर राहतात. तांब्यावर हिरवी पूड धरते, टिनचं पाणी उडतं, पिनेची पकड सैल होते. दिसायला जोड जोडलेलाच असतो. मात्र त्यातून जाणाऱ्या करंटला अडथळा होतो.

अडथळा किती छोटा असला तरी पुरतो, ते आकड्यात बघू. मोटर १६ अँपिअर घेते आणि कनेक्टरमध्ये फक्त ०.१ ओहमचा अडथळा आहे असं धरू. सोळा गुणिले ०.१ म्हणजे १.६ व्होल्ट तिथेच गळाले, मोटर मंदावली. आणि त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत साधारण २५ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचाच असतो. कनेक्टरमध्ये एक आयर्न चालू ठेवल्यासारखंच हे झालं. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वितळून दोन्ही भाग एकमेकांना चिकटतात. पीन गरम झाली की अजून सैल, सैल झाली की अजून गरम.

आता मीटरचा खोटेपणा. फॅनचा कनेक्टर काढून मीटर लावला तर १२.५ व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, करंट तर येतोय, मोटर गेली. पण मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही. एका केसाएवढ्या तारेवर लटकलेला जोडसुद्धा मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून तो हेडलाइटचा बल्ब. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो. रिलेच्या सॉकेटमधली वायर तशीच जोडलेली ठेवून कनेक्टरच्या दोन पिनांत बल्ब लावा. लख्ख पेटला तर वायरिंगमध्ये मोठा दोष नाही. लालसर मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर मीटर काही म्हणो, वायरिंग खराब आहे.

त्याहून नेमकी चाचणी कनेक्टर जोडलेला ठेवून होते. मीटरचा काळा पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. लाल पिन कनेक्टरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून, आधी मोटरच्या पॉझिटिव्हला आणि मग निगेटिव्हला टेकवा. पॉझिटिव्हवर १२ आणि निगेटिव्हवर जवळपास शून्य असूनही मोटर ढिम्म, तर मोटर गेली. पॉझिटिव्हवर १२ आणि निगेटिव्हवरही १२, तर करंट मोटरमधून पलीकडे पोचतोय पण परत जायला वाट नाही, अर्थिंग तुटलंय. पॉझिटिव्हवरच पाच-सहा किंवा काहीच नाही, तर फ्यूजपासून कनेक्टरपर्यंत कुठेतरी जळलंय. फॅन फिरत असताना निगेटिव्हवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आणि बॅटरीपासून पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती नको.

अर्थिंगची वायर बहुधा हेडलाइटमागे किंवा बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला ६ मिलिमीटरच्या बोल्टने आवळलेली असते. बोल्ट काढा, खालचा पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत करा, वायरचा गोल टर्मिनल गंजला असेल तर कापून नवा क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा), घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली फासा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट नव्हे, आधी धातूला धातू भिडला पाहिजे. दहा मिनिटांचं हे काम बऱ्याच 'गेलेल्या' मोटरी जिवंत करतं.

कनेक्टर किंचित हिरवा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश पुरतो. प्लास्टिक रंग बदललेलं असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका. नवा कपलर वायरीसकट मिळतो. जुनी वायर कापून बघा. आतलं तांबं काळं असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. खारट ओलावा इन्सुलेशनच्या आतून बोट-दोन बोटं मागे शिरलेला असतो. जोड क्रिंप करा, त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब तापवून बसवा. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड आपल्या हवेत एक पावसाळा कसाबसा काढतो.

मोटर खरंच गेली असेल तर

कनेक्टर काढून मोटरला बॅटरीचा करंट थेट द्या, फ्यूजवाल्या वायरीनेच. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जागेवर ठेवा. उलटं लावलं तर साधी मोटर उलटी फिरते. ही चाचणी दोन जाड वायरींच्या मोटरसाठी. नव्या अनेक गाड्यांत मोटरवरच छोटं कंट्रोल मॉड्यूल असतं आणि तीन-चार वायरी येतात, त्यातली एखादी बारीक. तिथे थेट करंट देऊ नका, मॉड्यूल जळेल. त्या गाडीला स्कॅनर (ईसीयूतली माहिती आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावून त्यातल्या ॲक्टिव्ह टेस्टने फॅन फिरवून बघायचा.

थेट करंटवरही फिरत नाही, पण मोटरच्या पाठीवर लाकडी दांडक्याने हलकं टकटक केलं की फिरते? कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, झिजलेत. कार्बन आखूड झाला की स्प्रिंग त्याला कॉम्युटेटरवर (दांड्यावरच्या तांब्याच्या कड्यावर) नीट दाबू शकत नाही. ठोका बसला की क्षणभर टेकतो. हे निदानासाठी ठीक, घरी पोचायलाही ठीक, इलाज म्हणून नव्हे. बॅटरी सुटलेली असताना पातं बोटाने फिरवून बघा. मोकळं फिरून हळूहळू थांबायला हवं. खरखर लागली किंवा दांडा बाजूला डुलत असेल तर बुश (दांड्याला आधार देणारं कडं) गेलाय, आणि असली मोटर दुप्पट करंट ओढून फ्यूज आणि रिले दोन्ही खाते.

मोटर दुरुस्त करायची की नवी घ्यायची? मडगाव, म्हापसा, फोंड्यात कार्बन आणि बुश बदलून देणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. कॉम्युटेटर फक्त काळवंडलेला असेल तर बारीक पॉलिशपेपरने उजळतो. त्यावर खोल चर पडला असेल किंवा वाइंडिंगला जळकट वास येत असेल तर नवीच घ्यावी. दुरुस्त मोटर परत घेताना एक गोष्ट डोळ्यांनी बघा: तळाशी पाणी निथळायला बारीक भोक असतं. मोटर 'वॉटरप्रूफ' करून देतो म्हणत काही जण ते सिलिकॉनने बुजवतात. मग आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि मोटर आतून सडते.

बदलताना बॅटरी सोडा, कनेक्टर काढा, शेजारचे क्लिप सोडवा. फॅनची चौकट बहुधा १० नंबरच्या चार बोल्टवर असते. वर उचलताना रेडिएटरच्या फिनांना ती घासू देऊ नका; मध्ये पुठ्ठा सरकवला की काम निर्धास्त होतं. काही गाड्यांत वरचा होज काढावा लागतो, तर मग खाली स्वच्छ भांडं ठेवून कूलंट धरा. पात्याचा मधला नट काही मोटरींवर उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी आटे बघा. पातं फुटकं असेल तर चिकटवू नका, ते डुगडुगून नवी मोटरही खाईल. बसवल्यावर हाताने एक पूर्ण वेढा फिरवा, कुठेही घासता कामा नये. करंट दिल्यावर वारा इंजिनाच्या बाजूला आला पाहिजे.

सेन्सर, आणि न थांबणारा फॅन

सेन्सरची सोपी परीक्षा सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. स्कॅनर लावून चावी फक्त ऑन करा आणि कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्हींत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय. मीटरने मोजायचं तर बहुतेक सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना ३०० ते ३५० ओहम दाखवतात. आपल्याकडच्या सकाळी दीड ते दोन हजारांच्या मध्ये. तापमान वाढतं तसा आकडा सलग उतरला पाहिजे, मध्येच उडी नको. पी०४८० हा कोड फॅनच्या कंट्रोल सर्किटचा; पी०११७ आणि पी०११८ हे सेन्सरच्या सर्किटचे. कोड भाग सांगत नाही, गल्ली सांगतो. घर आपण शोधायचं.

चावी ऑन असताना सेन्सरचा कनेक्टर काढला तर बऱ्याच गाड्यांत ईसीयू सावध होऊन फॅन पूर्ण वेगाने सोडतो. तसं झालं तर ईसीयूपासून मोटरपर्यंतची वाट ठीक. नंतर कनेक्टर जोडून कोड पुसायला विसरू नका.

फॅन पूर्ण वेगाने फिरतो, पण मंद वेगच नाही? दोन वेगांच्या सिस्टिममध्ये मंद वेगासाठी चौकटीवर एक रेझिस्टर असतो. तो उघडा, गरम आणि ओला असतो, म्हणून आधी तुटतो. तो बदलायचा, सरळ वायरने जोडून टाकायचा नाही.

फॅन थांबतच नसेल तर रिले उपटा. थांबला तर सॉकेटमध्ये ८५-८६ वर हुकूम येतोय का बघा. येत नसेल तर रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलाय, आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते तीही याचमुळे. हुकूम येत असेल तर सेन्सर किंवा एसीचा प्रेशर स्विच बघा. रिले काढूनही फिरतोय, तर कुणीतरी तो आधीच 'डायरेक्ट' करून ठेवलाय.

या डायरेक्टबद्दल स्पष्ट बोलावं. रिले-सेन्सरची कटकट नको म्हणून फॅन चावीवर किंवा डॅशबोर्डवरच्या स्विचवर जोडून देणं सर्रास चालतं. घाटात अडकलात तर घरी पोचायला ते चालेल. कायमचं केलं तर मोटर दिवसभर फिरून निम्म्या आयुष्यात संपते, बारीक वायरीचा स्विच तापतो, आणि ज्या दिवशी स्विच लावायचा राहिला त्या दिवशी इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) उडते.

काम झालं हे कसं ओळखायचं

कूलंट काढलं असेल तर गाडीचं नाक चढावर करून टोपण उघडं ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि पन्नास टक्के कूलंट, पन्नास टक्के डिस्टिल्ड वॉटर हळूहळू भरा. विहिरीचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मग टोपण लावा.

आता एसी बंद ठेवून गाडी उभीच चालू द्या. वरचा होज अचानक गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. त्यानंतर काही मिनिटांत फॅन आपण होऊन सुरू झाला पाहिजे आणि एक-तीन मिनिटांत आपण होऊन थांबला पाहिजे. ही फेरी दोनदा बघा, एकदा बघून बोनेट लावू नका. फॅन थांबल्यावर चावी काढून कनेक्टरला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसला तर जोड अजून खराब आहे.

बोलेरोसारख्या, इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेल्या काही गाड्यांत फॅन पट्ट्यावर फिरतो आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग, म्हणजे दाट तेल भरलेला, तापल्यावर पकड घेणारा जोड असतो. तिथे यातलं बरंचसं लागू नाही. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि पातं हाताने फिरवा. गरम असताना ते जड लागलं पाहिजे. भिंगरीसारखं सुटं फिरलं किंवा कपलिंगच्या कडेने तेलाचा ओघळ दिसला तर कपलिंग बदला.

पावसाळ्यात रस्त्यावर बंपरच्या खालच्या कडेपर्यंत पाणी दिसलं तर आत शिरण्याआधी एसी बंद करा. एसी चालू असला की फॅन पाण्यात फिरतो, प्लास्टिकची पाती पाण्याच्या जोराने पुढे वाकतात आणि रेडिएटरला गोल चिरा पाडतात. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं थांबून एसी लावा आणि फॅनचा आवाज ऐका. नुसती गुणगुण आली आणि वारा नाही, तर पात्यात प्लास्टिकची पिशवी किंवा गवत अडकलंय. एसी आणि इंजिन लगेच बंद करा, नाहीतर जाम मोटर मिनिटाच्या आत फ्यूज उडवेल.